दीडशे रुपयांचा वनपीस, मैत्रिणीचा शर्ट : शिवणाच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात आम्ही दोघी गेलो होतो ते पितळी अडकित्ता शोधायला. अडकित्ता मिळाला नाही. बोहारणीला स्टीलच्या पातेल्यावर दिलेले कपडे शेवटी कुठे जातात, ते मात्र बघायला मिळालं. ताडपत्रीवर कमरेइतका ढीग होता आणि त्यातून मैत्रिणीने गडद निळा वनपीस उपसून काढला. गोल गळा, कोपरापर्यंत बाही, कमरेला जोड, खाली चुण्यांचा मोठा घेर, पाठीला चेन. दोनशेचा दीडशेला दिला.

तिला तो वनपीस म्हणून नकोच होता. "याचा शर्ट होईल का गं?" असं तिने विचारलं, तेव्हा मी आधीच घेराची खालची कड उलटून बघत होते. घेर बक्कळ होता. म्हटलं, होईल.

ती शाळेत गणित शिकवते, दिवसातले चार-पाच तास फळ्यासमोर. तिच्या तक्रारी दोनच, पण पक्क्या. फळ्याच्या वरच्या ओळीत लिहायला हात उचलला की तयार शर्ट सगळाच्या सगळा वर चढतो आणि मागच्या बाकावरची पोरं हसतात. आणि बायकांच्या शर्टांना खिसे नसतात, असले तर त्यात बसचं तिकीट मावतं.

मुदतही तिनेच ठरवली. नवरात्रात बुधवार, ९ ऑक्टोबरला निळा रंग आहे. सगळी स्टाफरूम निळी होणार, त्या दिवशी शर्ट अंगावर हवा. म्हणजे हातात अडीच आठवडे.

घरी आल्यावर आई म्हणाली, "पितृपक्षात कपडे घेतलेत?" मी म्हटलं, नवे नाहीत, जुने आहेत. आईने यावर जरा विचार केला आणि चहा टाकला.

२३ सप्टेंबर, सोमवार, रात्री

आधी कापड ओळखायचं. आतल्या शिवणीतून चार धागे ओढून चिमट्यात धरून पेटवले. कागद जळल्यासारखा वास, राख मऊ, गोळी अजिबात नाही, म्हणजे पॉलिएस्टर नाही. रेयॉनही असंच जळतं, म्हणून धागा ओला करून तुटतो का ते पाहिलं. रेयॉन ओलं झालं की कमजोर पडतं. हा धागा ओला होऊनही चिवट होता. सुती.

छपाई दाबूची आहे. निळ्यावर पांढऱ्या बुट्ट्या, आणि पांढऱ्यात केसासारख्या बारीक निळ्या भेगा. दाबूत चिखल, चुना, डिंक आणि पिठाचा लगदा ठशाने कापडावर लावतात, वर लाकडाचा भुसा भुरभुरतात, वाळवतात आणि मग कापड निळीच्या हौदात बुडवतात. लगदा जिथे तडकतो तिथे नीळ आत शिरते, त्या या भेगा. हे काम राजस्थानात बगरूला आणि आकोल्याला होतं. हे आकोला चित्तोडगढ जिल्ह्यातलं, आपलं विदर्भातलं नव्हे.

बादलीत टाकला तर पाणी शाईसारखं झालं. आई लगेच मिठाचा डबा घेऊन आली. मिठाने नीळ पक्की होत नाही. नीळ पाण्यात विरघळतच नाही. हौदात तिचं रूप बदलून ती धाग्यात शिरते आणि बाहेर हवा लागली की पुन्हा घट्ट निळी होऊन तिथेच बसते. जी वरवर बसलेली असते ती घासून घासून निघत राहते. इलाज एकच, गार पाण्यात एकटा धुवायचा, पाणी बऱ्यापैकी निवळेपर्यंत. हे सगळं मी आईला सांगितलं. तिने तरी मूठभर मीठ टाकलंच. बिघडलं काही नाही.

पाच पाणी झाली. सावलीत, उलटा वाळत घातला.

२५ सप्टेंबर, बुधवार

शाळा सुटल्यावर ती आली, मापं घेतली. छाती ४०, शोल्डर साडेपंधरा, उंची २७ हवी, बाही १० इंच (कोपराच्या जरा वर). शर्ट सैल हवा म्हणून तयार छाती ४६ धरली.

नंतर उसवायला बसलो. मी उसवणीने, ती ब्लेडने, कारण घरात उसवणी एकच. ज्याने कुणी हा वनपीस शिवला त्याच्याशी माझं अर्धं जमलं. वरच्या भागात माया (शिवणीबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड) म्हणून पाव इंच, त्यावरही ओव्हरलॉक, म्हणजे कधी सैल करायची वेळ आली असती तर काहीच करता आलं नसतं. पण खालच्या घेराला दोन्ही बाजूंनी कापडाची मूळ काठ तशीच ठेवली होती. पूर्ण पन्हा, एक पुढे, एक मागे. कापड वाचवायला नाही, कापायचा कंटाळा म्हणून असणार. माझी मात्र चैन झाली.

वरच्या भागाचे टक्स, म्हणजे फिटिंगसाठी आत शिवलेले चिमटे, उसवले तर आत जांभळट काळी रेघ निघाली. बाकीचं कापड उन्हाने आणि धुण्याने उतरलं, टक्सच्या आत दडलेलं नवं होतं तसंच राहिलं. रेघेच्या दोन्ही अंगांना सुईची भोकं. हे धुऊन जाणार नाही. म्हणजे वरचा भाग दर्शनी कामाचा नाही, आतल्या तुकड्यांसाठी ठेवायचा.

दोघींचीही बोटं निळी. ती म्हणाली, उद्या मुलांना वाटेल मी मतदान करून आले.

२८ सप्टेंबर, शनिवार

इस्त्री करून कापड जमिनीवर पसरलं आणि मोजलं. प्रत्येकी ४३ इंच पन्हा, आणि खालची दुमड उघडल्यावर ३० इंच उंची. असे दोन तुकडे. चुण्यांची भोकं वरच्या अर्ध्या इंचातच आहेत, ती कापली जातील.

पहिल्या तुकड्यात दोन पुढचे भाग, बटणपट्टीची दुमड धरून प्रत्येकी १५. राहिला १३ इंचांचा उभा पट्टा. त्यात योक, म्हणजे पाठीवर खांद्याशी येणारी पट्टी, दोन (वरचा आणि आतला), प्रत्येकी १७ लांब आणि ५ रुंद, उभ्या धाग्यावर. त्यांच्याशेजारी ३ इंचांत कॉलर. खाली १३ बाय १३ चा चौकोन उरतो, त्यात दोन खिसे.

दुसऱ्या तुकड्यात पाठ २५, उरले १८. त्यात दोन बाह्या, एकीखाली एक.

वहीत हे सगळं मस्त बसलं. कागदावर माझे कपडे नेहमीच बसतात.

मग खिडकीसमोर कापड धरलं तेव्हा पहिल्या तुकड्यात उजेडाचा ठिपका दिसला. उदबत्तीचं भोक, वाटाण्याएवढं, कडा करपलेल्या. खालच्या कडेपासून आठ इंचांवर आणि डाव्या काठेपासून तेरा. रफू करता येईल, पण दाबूच्या पांढऱ्या बुट्टीच्या मधोमध आहे आणि निळ्या धाग्याचा रफू तिथे डासासारखा दिसेल. त्यापेक्षा पुढच्या भागाचा कागद उलटा, म्हणजे खांदा खाली करून ठेवला आणि दोन इंच सरकवला, तर भोक मुंढ्याच्या, म्हणजे बाही बसते त्या गोलाच्या, कापात जातं. बुट्टीला वरखाली काही नाही, तेव्हा उलटं चालतं. यासाठी कापड दुहेरी न घालता एकेरी कापावं लागेल. ठीक आहे.

२९ सप्टेंबर, रविवार

कागदी कापासाठी तिच्या नवऱ्याचा एक जुना शर्ट आणला होता, तिला तो ढगळपणामुळे आवडतो म्हणून. त्यावरून वर्तमानपत्रावर आखलं, छाती-शोल्डर तिच्या मापाने कमी केलं. एका विटक्या चादरीवर कच्चा शर्ट शिवून ठेवला. कॉलर नाही, खिसे नाहीत, नुसता धावदोरा आणि लांब टीप.

१ ऑक्टोबर, मंगळवार

ट्रायल. तिला चादरीचा शर्ट घातला आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर "वरची ओळ लिही" म्हटलं. तिने हात उचलला आणि शर्ट चार बोटं वर गेला. थेट पोट. तिने बघून म्हटलं, "हेच! हेच होतं वर्गात."

तिचा अंदाज होता की मुंढा अजून खोल कापला की हात मोकळा होईल. सगळ्यांना असंच वाटतं, मलाही बरीच वर्षं वाटायचं. होतं उलट. मुंढा जितका खाली तितकी बाहीची खालची शिवण काखेपासून लांब, आणि हात उचलला की ती शिवण आपल्याबरोबर अख्खी कूस वर ओढते. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात उचलला तरी अंगातला भाग जागेवर राहतो. नवऱ्याच्या शर्टाचा मुंढा साडेदहा इंच खोल होता. तो नऊवर आणला.

दुसरी गोष्ट बाहीचा उंचवटा. शर्टाच्या बाहीचा वरचा गोल जितका उंच, तितकी बाही खाली लोंबायला छान आणि वर उचलायला वाईट. उंचवटा पाच इंचांवरून साडेतीनवर आणला. पण मुंढ्याच्या शिवणीची लांबी तर जुळली पाहिजे, म्हणून गोल बसका केला की बाही रुंद होते. १८ ची १९ झाली.

आणि माझ्याकडे १८ च आहेत.

चादरीच्या काखा उसवून, नव्या मापाने टाचण्या लावून पुन्हा चौकटीवर लिहायला लावलं. दीड बोट वर गेला, बस्स. तिने दोन्ही हात वर करून गरबा केला. आई दारातून बघत होती. म्हणाली, "जुन्या सदऱ्यांना काखेत चौकोनी तुकडा असायचा, तो उगाच नसायचा." बरोबर. एक इंच कमी पडतोय तो काखेतच जोड देऊन भरायचा. पाठीच्या खाली साडेचार इंचांची पट्टी उरते, त्यातून तुकडे निघतील. हात खाली असताना ते दिसणारही नाहीत.

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंतीची सुट्टी आणि सर्वपित्री अमावस्या. दुपारी जेवण जड झालं होतं, तेव्हा कापायला बसायला नको होतं. बसले.

आखायचा खडू पांढरा, कापडावर बुट्ट्या पांढऱ्या. आखलेली रेघ चार इंचांवर हरवायची. साबणाची कपची घेतली, तीही पांढरीच. शेवटी मैत्रिणीने पर्समधून शाळेचा पिवळा खडू काढला. टोक घासून धार केली, छान चालला.

पहिला पुढचा भाग कापला. उदबत्तीचं भोक मुंढ्याच्या कापात बरोब्बर गेलं, त्या आनंदात दुसरा कापला. पाठ कापली, योक कापले. मग दोन्ही पुढचे भाग अंगावर ठेवल्यासारखे समोरासमोर मांडले आणि मांडतच राहिले. दोन्हींची बटणपट्टी एकाच बाजूला. दोन्ही डावे.

दुहेरी कापडावर कापलं असतं तर हे झालंच नसतं, एक डावा एक उजवा आपोआप निघाला असता. एकेरीवर कागद उलटून ठेवायचा असतो. मी एकदा भोक चुकवायला कागद वरखाली फिरवला होता आणि तेवढ्यावर "कागद उलटला" असं डोक्यात बसलं. फिरवणं वेगळं, पालथा घालणं वेगळं. वीस वर्षं शिवतेय.

दुसरं कापड नाही. वरच्या भागातून पुढचा भाग निघणं शक्य नाही. मैत्रीण आत आईशी बोलत होती, तिला पाच मिनिटं काही सांगितलंच नाही.

मग एक भाग नुसता पालथा करून पाहिला. दाबूचं कापड अख्खं निळीत बुडतं, त्यामुळे निळा रंग दोन्हीकडून सारखा. फरक पडतो तो पांढऱ्यात. लगदा ज्या बाजूने ठशाने लावला तिथे बुट्टीची कड धारदार, मागच्या बाजूला तो पूर्ण पोचत नाही, म्हणून तिथे बुट्टी धुरकट, दुधात शाईचा थेंब पडल्यासारखी. दोन हातांवरून पाहिलं तर कळतं. दारातून पाहिलं तर नाही.

मैत्रिणीला बोलावून दाखवलं. तिने डोळे बारीक केले, मान तिरकी केली. "हा उजवा जरा झोपेतून उठल्यासारखा दिसतो. राहू दे."

आता कुठला पट्टा वर? बायकांच्या शर्टात उजवी बाजू वर येते, पुरुषांच्या डावी. उजवी वर घेतली तर मधोमध धुरकट पट्टी दिसणार. म्हणून डावी वर, पुरुषी पद्धतीने. तिला विचारलं चालेल का, तर म्हणाली बटण कुठल्या बाजूला असतं ते तिने आयुष्यात पाहिलेलं नाही. नंतर घरी जाऊन स्वतःचे आणि नवऱ्याचे सगळे शर्ट काढून पाहिले म्हणे, आणि रात्री अकराला मेसेज: "खरंच की!!"

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. मशीनला हात लावला नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

मशीन आईचं, काळं, पायाचं, सरळ टीप सोडून त्याला दुसरं काही येत नाही. आधी १४ नंबरच्या सुईने कतरणीवर टीप मारली, भोकं मोठी पडली आणि कापड किंचित चुणलं. ११ नंबरची घातली. टीप बारीक केली. आता ठीक.

बटणपट्ट्या, पाठीला योक, खांदे. आतला योक लावताना सगळं आत गुंडाळून सुरळी करायची, तिन्ही थरांवर टीप मारायची आणि मग गळ्यातून बाहेर ओढायचं. बाहेर येताना दर वेळी मला वाटतं की या वेळी पीळ पडलाय. नव्हता.

खिसे छातीवर दोन, मोबाइल उभा राहील इतके खोल. धुरकट पुढच्या भागावर धारदार खिसा आणि धारदार भागावर धुरकट खिसा लावला. हे मुद्दाम. एक बाजू चुकलेली दिसण्यापेक्षा दोन्हीकडे थोडं थोडं असलेलं बरं.

५ आणि ६ ऑक्टोबर, शनिवार-रविवार

दोन दिवस कॉलरने खाल्ले.

कॉलरच्या वरच्या थराला ताठपणासाठी चिकटवायचं बुक्रम लावलं. पांढरं बुक्रम, निळं कापड, गरम इस्त्री. उचललं तर इस्त्रीच्या पट्टीवर निळे डाग. इस्त्रीखाली जुना पंचा घालून पुढचं काम केलं. त्या पंच्यावर आता दाबूची बुट्टी उतरली आहे, अर्धवट.

कॉलरचा खालचा थर वरच्यापेक्षा एक सूत लहान कापायचा, म्हणजे टोकं आपोआप खाली वळतात, आकाशाकडे बघत नाहीत. टोक उलटताना कात्रीचं टोक आत खुपसलं की भोक पडतं. त्याऐवजी टोकाच्या शेवटच्या टाक्यात एक दुहेरी दोरा अडकवून टीप मारायची, कोपऱ्याची माया तिरकी छाटायची आणि तो दोरा ओढायचा. टोक सुईसारखं बाहेर येतं, मग दोरा काढून टाकायचा. हे मला एका क्लासमध्ये शिकवलं होतं आणि क्लासचं बाकी मला काहीच आठवत नाही.

उभी पट्टी, म्हणजे कॉलर जिच्यावर बसते ती, जवळजवळ एक इंच कमी पडली. कारण शोधायला अर्धा तास. गळ्याची लांबी मी कापलेल्या कडेवर टेप धरून मोजली होती. पण टीप पडते कडेपासून पाव इंच आत, आणि गळा गोल असल्यामुळे तो आतला गोल मोठा. मोजायचं टिपेच्या रेघेवर. गणिताच्या बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, त्रिज्या पाव इंचाने वाढली की पूर्ण गोलाचा परीघ दीड इंचाच्या वर वाढतो, आठवीचं गणित आहे. मी म्हटलं, माझा गळा पूर्ण गोल नाही. "म्हणूनच एक इंचावर भागलं."

नवी पट्टी वनपीसच्या वरच्या भागातून कापली. तिथला रंग उन्हाने उतरलेला, पण कॉलर पडली की पट्टी पाठीमागून दिसत नाही. पुढे गळ्याशी दिसते, तिथे एक छटा फिकी आहे. मला दिसते. गळ्याच्या मायेला जागोजाग कातरे दिले तेव्हा ती सरळ होऊन पट्टीला आली.

रविवारी संध्याकाळी कॉलर बसली. दोन्ही टोकं टेपने मोजली. एक दोरा इतका फरक. सोडून दिला.

७ ऑक्टोबर, सोमवार

बाह्या, काखेतले जोड, कुशी. बसक्या गोलाची बाही सपाट असतानाच लावायची आणि मग बाहीपासून खालच्या कडेपर्यंत एकच लांब टीप. झोल नाही, चुण्या नाहीत. काखेतल्या तुकड्याच्या टोकाशी चार शिवणी एकत्र येतात, तिथे मशीन अडलं, चाक हाताने फिरवून टाके काढले.

खालची दुमड बाकी.

८ ऑक्टोबर, मंगळवार

काजं बाहेरून करून घ्यायची होती, कारण आमच्या मशीनला काज येत नाही आणि हातकाजं सात करायला माझ्याकडे एक रात्रही नव्हती. ऑफिस सुटल्यावर रविवार पेठेत गेले. आधी बटणं घेतली, करवंटीची, १८ लाइनची, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. डझनाचे साठ. मग काजवाल्याकडे. रांग होती, पुढच्याने ब्लाऊजचा अख्खा गठ्ठा आणला होता.

माझा नंबर आला. त्याने मान वर न करता विचारलं, "लेडीज की जेंट्स?" मी म्हटलं, "लेडीज."

शर्ट बाईचा आहे, म्हणून लेडीज. तोंडातून आपोआप गेलं. त्याने शर्ट घेतला, उजव्या बाजूची उभी पट्टी मशीनखाली घातली आणि खर्रर्र. पहिलं काज. तेव्हा डोक्यात उजेड पडला आणि मी "अहो, अहो!" असं ओरडले की ब्लाऊजवालाही वळून बघायला लागला.

त्याची काही चूक नाही. त्याने मला विचारलं होतं. सातही काजं डाव्या बाजूला करून दिली, चुकलेल्या काजाचे पाच रुपयेही लावले नाहीत, फक्त म्हणाला, "ताई, आधी ठरवा."

घरी येऊन ते चुकीचं काज निळ्या दोऱ्याने दोन्ही ओठ जुळवून शिवून टाकलं, मागून बुक्रमचा तुकडा चिकटवला आणि त्याच्यावरच वरचं बटण लावलं. करवंटीच्या बटणाखाली टाक्यांचा जरा उंच गठ्ठा झाला आहे. बोट फिरवलं तर लागतो.

बाकी सहा बटणं, खालची दुमड, दोरे कापणं, इस्त्री. रात्रीचे पावणेबारा. आई झोपायला जाताना म्हणाली, "उद्या घटाला नीळ लावू नकोस त्या हातांनी."

९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी साडेसहाला ती स्कूटरवरून आली, दारातच शर्ट चढवला. खिशात मोबाइल टाकला, दुसऱ्यात किल्ल्या आणि दोन खडू. मग आमच्या चौकटीवर वरची ओळ लिहिली. शर्ट राहिला.

पांढरी ओढणी गळ्यात होती, ती मी काढून घेतली. पहिल्या चार-पाच धुण्यांपर्यंत पांढऱ्याच्या जवळ जायचं नाही, पांढऱ्या सीटवर टेकायचं नाही. घामाने कॉलरचा रंग मानेला लागेल, तो साबणाने जातो.

दुपारी स्टाफरूमचा फोटो आला. सोळा निळे. गर्द, मोरपंखी, आकाशी, एकजण पोलिसांच्या गाडीसारखी. आमचा निळा त्यात सगळ्यात मळकट आणि म्हणून लगेच सापडतो. मोठा करून पाहिला. धुरकट बाजू फोटोत कळत नाही. गळ्याशी फिकी पट्टी कळते.

खर्च: वनपीस १५०, बटणं ६०, काजं ३५, बुक्रम ३०. दोरा आणि सुई घरातली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. सकाळी मशीन पुसलं, तेल घातलं, आईने झेंडूची माळ घातली. पाट्यावर, जिथून शर्ट सरकत गेला, तिथे निळा पट्टा उठलाय. रॉकेलने पुसला, साबणाने पुसला, फिका झाला पण आहे. आईने हळदकुंकू त्याच्या शेजारी लावलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

शर्ट परत आला. डाव्या खिशाचा खालचा कोपरा उसवला आहे. किल्ल्यांनी. खिशाच्या वरच्या दोन टोकांना मी त्रिकोणी टीप मारली होती, खाली मारली नव्हती, कारण खाली कुणी मारत नाही. पण कुणी खिशात घराच्या, शाळेच्या कपाटाच्या आणि स्कूटरच्या मिळून अकरा किल्ल्याही ठेवत नाही.

वनपीसच्या वरच्या भागातून, टक्सच्या काळ्या रेघेसकट, तळव्याएवढा तुकडा कापला. खिसा उसवला, आतून दुहेरी केला, खाली दोन्ही कोपऱ्यांना आडवी टीप. उजव्यालाही तेच केलं, तिथे अजून काही झालं नव्हतं तरी. वीस मिनिटं.

खिशात पिवळ्या खडूचा तुकडा सापडला, तो ठेवून घेतला.